फाइलमध्ये नसलेला फोटो
बाळांनो, आज आंबेमोहोर तांदळाची पिशवी उघडली आणि त्या वासासरशी टोरोंटोतली कोर्टाची ती खोली आठवली. तुमच्याजवळ राहण्याचा माझा अर्ज फेटाळला गेला होता, कारण तुमच्या बाबाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव वेगळं होतं आणि तो माझाच मुलगा आहे, हे व्हिसा अधिकाऱ्याला पटत नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तिथल्या दवाखान्यात सवयीने माझं माहेरचंच नाव लिहिलं गेलं. हे कुणालाही कळेल, असं समजून मी अर्जात त्याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. म्हणून त्याच्या निर्णयाविरुद्ध मी कोर्टात गेले. "आई, वकील करू या. कोर्ट म्हणजे सोसायटीची मीटिंग नव्हे," बाबा म्हणाला होता, पण मी जन्मभर ऑफिसच्या फायली सांभाळलेल्या, मी ऐकलं नाही. बाहेर बर्फ होतं, आत हीटरने घसा कोरडा पडला होता. मी न्यायाधीशांपुढे लग्नातला फोटो धरला. त्यात तुमचे आजोबा ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहीत होते. सरकारी वकीलबाई हळूच म्हणाल्या, "हा फोटो अधिकाऱ्यापुढे नव्हता." न्यायाधीशांनी मला विचारलं, "खरं आहे का हे?" "हो, नव्हता," मी म्हणाले. "मग मलाही तो विचारात घेता येणार नाही, मॅडम. अधिकाऱ्यापुढच्या फाइलबाहेरचं काही इथे बघता येत नाही." मी कागद गोळा करू लागले. मागच्या बाकावरून बाबा म्हणाला, "राहू दे आई, चल." ते 'आई' सगळ्यांनी ऐकलं, पण तेही फाइलमध्ये नव्हतं. आता इथे पुण्यात एकटीपुरता भात लावते, आणि जवळ बसवून सांगायच्या गोष्टी तुम्हाला अशा लिहून पाठवते.