विजयाचे पेढे

पेढ्यांचा खोका उघडला की वेलदोड्याच्या वासाबरोबर सोलापुरातल्या आमच्या दैनिकाच्या जुन्या कचेरीतली एक संध्याकाळ आठवते.

सीमेवर चकमकी सुरू होत्या. टीव्हीवर ऐकलेल्या एका वाक्यावरून, कुणाकडेही खातरजमा न करता, मी मथळा दिला होता: ‘शत्रूचा कणा मोडला!’ अंक सकाळीच संपला. चौकात फटाके वाजले. लोकांना आता आणखी लढाई हवी होती.

संध्याकाळी मोडनिंबहून एक म्हातारा मेंढपाळ आला. खांद्यावर घोंगडी, एका हातात पेढ्यांचा खोका, दुसऱ्या हातात घडी घातलेला आमचा अंक. त्याचा मुलगा सीमेवर होता. गावातल्या हॉटेलात कुणीतरी मथळा मोठ्याने वाचून दाखवला, तसा तो एसटीत बसला होता.

“तुमीच लिवलंय न्हवं ह्ये? घ्या, त्वांड गोड करा.”

“मामा, मी दोन घेणार,” शेजारचा उपसंपादक म्हणाला.

“चार घे की! लढाई सपली. आता पोरगं सुगीला घरी येतंय. व्हय न्हवं, सायेब?”

माझ्या संगणकावर उद्याचा मथळा लागलेला होता: ‘आता माघार नाही!’ म्हाताऱ्याला वाचता येत नव्हते, तरी मी पडदा बाजूला वळवला.

“येईल,” म्हणालो आणि पेढा तोंडात टाकला.

तेव्हा वाटले, त्याचे मन राखले. आज ती त्या दिवसाची दुसरी खोटी बातमी वाटते. मुलाचे पुढे काय झाले, याचीही खातरजमा मी कधी केली नाही.