कापणाऱ्याने कारण लिहावे

कुंदाताई गेल्याची बातमी मला रुग्णालयाच्या लाँड्रीत कळली. त्यांच्या भावाचा फोन आला तेव्हा मी तिथे पुढच्या वर्षीच्या चादरींबद्दल पाटीलमामांशी बोलत होते. मी फोनवर नुसतं "हो… हो…" म्हणाले आणि फोन ठेवला. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि चालू मशीन बंद केलं. "आपली मॅडम?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मामा लाँड्रीचे इनचार्ज, जुईनगरजवळच्या गावठाणातले, आवाज एरवी वरच्या मजल्यावर ऐकू जाईल असा. त्या दिवशी मात्र ते इतकंच म्हणाले, "आता आमच्यासाठी भांडनार कोन हाय?"

तुर्भ्याच्या कारखान्यांना लागून असलेलं आमचं रुग्णालय एका धर्मादाय ट्रस्टचं आहे. कुंदा टिपणीस तिथे वित्त विभागाच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. चार दिवसांनी शोकसभा झाली. ट्रस्टचे सचिवसाहेब बोलायला उभे राहिले. "टिपणीस मॅडम म्हणजे मायेची सावली. त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हा लेख लिहिते आहे तो एवढ्यासाठी, की हे खरं नाही. कुंदाताईंनी पुष्कळांना दुखावलं, आणि समजून-उमजून दुखावलं. सचिवसाहेबांना तर सर्वांत जास्त. माणूस गेल्यावर त्याला गोड करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. गोड माणसाचं पुढे काही ऐकावं लागत नाही. कुंदाताईंना मी असं गोड होऊ देणार नाही.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकले. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. घरात पदवी घेणारी मी पहिलीच. नोकरीच्या मुलाखतीला कामोठ्याच्या मावशीकडून निघाले तेव्हा एकच धास्ती होती, समोरचे इंग्रजीतून विचारतील. कुंदाताईंनी विचारलं, "घरात खर्चाचे निर्णय कोण घेतं?" मी म्हणाले, "वडील." "आणि नाही म्हणाले तर कारण सांगतात का?" मी विचार करून म्हणाले, "सांगतात. कधी कधी पटत नाही, पण सांगतात." त्या हसल्या. "मग तू आमच्या ट्रस्टपेक्षा बऱ्या ठिकाणी वाढलीस." त्या वाक्याचा अर्थ मला पुढे कळला. नोकरी मात्र त्याच दिवशी मिळाली, आणि हे उपकार मी आयुष्यभर उघडपणे मानणार आहे.

त्या वेळी रुग्णालयाचं बजेट म्हणजे वेगवेगळ्या तक्त्यांचा गोंधळ होता. प्रत्येक विभाग आपापली मागणी पाठवायचा, ती वर जायची, आणि काही महिन्यांनी एक आकडा खाली यायचा. मधे काय झालं, कुणी काय कापलं, हे कुणालाच कळायचं नाही. ट्रस्टने ठरवलं की सगळ्या विभागांसाठी एक चांगलं सॉफ्टवेअर घ्यायचं. तीन कंपन्या आल्या. पहिलीचं पाहून आम्ही सगळेच खूश झालो. रंगीत आलेख, फिरणारी वर्तुळं. दुसरी स्वस्त होती, आणि सचिवसाहेबांचं मन तिच्यावर बसलं होतं. एकच अडचण होती, त्या किमतीत ठरावीक विभागच बसत होते. साहेबांना ती अडचण वाटत नव्हती. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "मोठे विभाग वेगळे ठेवा, बाकीचे सगळे 'इतर'मध्ये टाका. काय फरक पडतो?"

कुंदाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साहेब, 'इतर' कुठल्या मजल्यावर आहे? मला त्याच्या इनचार्जला भेटायचंय."

सगळे हसले. साहेबही हसले, पण उशिरा. हसण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. त्या 'इतर'मध्ये लाँड्री जाणार होती, आणि हाताचा विभागही. हाताचा विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. मशीनमध्ये बोटं चिरडलेले, कण्हत आलेले कामगार ऑपरेशननंतर तिथे हात पुन्हा वापरायला शिकतात. नटबोल्ट लावतात, काढतात, बटणं घालतात, कपड्यांचे चिमटे दाबतात. लता म्हात्रे ही तिथली थेरपिस्ट आणि तिच्या जोडीला आणखी एक. पैसे भरू शकणारा पेशंट तिथे क्वचित येतो. असा विभाग एकदा 'इतर'मध्ये गेला की तो बंद करण्यासाठी कुणाला काही करावंच लागत नाही. त्याचं नावच कागदावर नसतं, मग तो बंद झाला असं तरी कोण म्हणणार?

मग कुंदाताईंनी एक विचित्र गोष्ट केली. कंपन्यांना सांगितलं, डेमो मीटिंग रूममध्ये नाही, विभागांमध्ये द्यायचा, आणि माउस इनचार्जच्या हातात राहील. दुसऱ्या कंपनीचा टायवाला मुलगा लॅपटॉप घेऊन लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभा होता आणि वाफेने घामाघूम झाला होता. पाटीलमामा दोन बोटांनी माउस धरून म्हणाले, "चांगला हाय. आता सांग, मी मागितला नि वरच्यांनी कापला, तर कोनी कापला ते मला कसा कलनार?"

"तुम्हाला मंजूर आकडा दिसेल ना, काका."

"आकडा दिसंल रे. मानूस दिसंल का?"

मुलाने कुंदाताईंकडे पाहिलं. त्या इस्त्री केलेल्या गाउनचा ढीग सरळ करत होत्या. म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस, त्यांना सांग."

तिसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर दिसायला अगदीच साधं होतं, करड्या रंगाचं. पण त्यात प्रत्येक विभागाला स्वतंत्र नाव होतं, मराठीत लिहिता येत होतं, आणि मागणीचं कारण लिहायला रकाना होता. तो सक्तीचा होता. मागणी कापणाऱ्यासाठीही एक रकाना होता, पण तो ऐच्छिक. कुंदाताई त्यांच्या माणसाला म्हणाल्या, "हा सक्तीचा करा. नावासकट." तो गोंधळला. "मॅडम, सगळ्या संस्था मागणाऱ्याला सक्ती करतात. कापणाऱ्याला करा असं अजून कुणी सांगितलं नाही." "आम्ही सांगतोय," त्या म्हणाल्या. ट्रस्टच्या बैठकीत यावर जोरात वाद झाला. एका ट्रस्टींनी विचारलं, "म्हणजे आम्ही आमच्या नोकरांना उत्तरं द्यायची?" कुंदाताई शांतपणे म्हणाल्या, "हो. तेही तुम्हाला देतातच की." तिसरं सॉफ्टवेअर एका मताच्या फरकाने निवडून आलं. त्या वर्षी त्यांची पगारवाढ झाली नाही. त्याचं कारण लिहायला मात्र कुठे रकाना नव्हता.

पहिल्या वर्षी आमची पुरती फजिती झाली. सगळ्या विभागांनी कारणं भरली, आणि ट्रस्टींच्या पडद्यावर जे उमटलं ते असं: "मा. महोदय, सविनय सादर, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक लिहिण्यात येते की आपण आमच्यावर नेहमीच कृपादृष्टी…" आणि तिथेच मजकूर संपत होता. रकान्यात ठरावीक अक्षरंच बसत होती, आणि आमच्या लोकांची ती नमस्कारातच संपून गेली होती. एकाही विभागाला काय हवं ते वर पोचलं नाही. पोचला तो फक्त आदर. सचिवसाहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. "घ्या मॅडम, तुमची लोकशाही." मला स्वतःला त्यात चूक दिसतच नव्हती. शाळेत अर्जलेखनात मला पैकीच्या पैकी गुण असायचे. हे सांगितल्यावर कुंदाताई म्हणाल्या, "वर्षा, ते गुण आधी परत करून ये."

त्या चिडल्या नाहीत. विभागाविभागात जाऊन बसल्या. इनचार्ज लोकांना त्यांनी आपल्या केबिनमध्ये कधी बोलावलं नाही, त्याच जायच्या. लता म्हात्रे म्हणाली, "मॅडम, वरच्या लोकांना नमस्कार न घालता एकदम कसं मागायचं? उद्धटपणा वाटतो." कुंदाताई तिच्या खोलीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोर एक पेशंट चिमटे दाबत होता. त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे पेशंट येतो तेव्हा तू त्याला काय विचारतेस?" "कुठलं बोट, किती वळतं." "मग तेच लिही. कुठलं बोट, किती वळतं, आणि वळवायला तुला काय लागतं. तू मागत नाहीयेस, लता. तू कळवते आहेस." लताने त्या दिवशी लिहिलेली वाक्यं इतकी कोरडी आणि सरळ होती की ती वाचून मला भीती वाटली. आणि भीती वाटली याचा रागही आला. आम्हाला कुणी शिकवलं होतं, की खरं सांगण्याआधी वाकावं लागतं?

पुढच्या वर्षी व्हायचं ते झालंच. हाताच्या विभागाची मागणी थेट शून्यावर आली. कारणाच्या रकान्यात साहेबांनी एक टिंब दिलं होतं. सॉफ्टवेअरला काहीतरी भरलं की पुरत होतं. कुंदाताईंनी ते पान छापलं, ट्रस्टच्या बैठकीत नेलं आणि म्हणाल्या, "मला हे लता म्हात्रेला वाचून दाखवायचंय. साहेब, जरा उच्चार सांगता?" बैठकीत कुणी हसलं नाही. साहेबांना तिथल्या तिथे कारण लिहावं लागलं, की या विभागातून उत्पन्न नाही. लिहून झाल्यावर ते वाक्य सगळ्यांना दिसलं, आणि धर्मादाय ट्रस्टमध्ये ते दिसायला नको होतं, हेही सगळ्यांना दिसलं. विभाग वाचला. पण अर्धाच. दोन थेरपिस्टपैकी एकीला जावं लागलं. त्या संध्याकाळी मी रडवेली झाले होते. कुंदाताई पर्स आवरत म्हणाल्या, "अर्धं गेलं. पण कुणी नेलं ते आता लिहून ठेवलेलं आहे. उरलेलं अर्धं परत मागता येतं."

सगळे त्यांना हट्टी म्हणायचे. हो, होत्या. चुकीच्या वेळीही हट्टी होत्या. एकदा चहाच्या बिलावरून त्यांनी साहेबांशी असा वाद घातला की तो आम्हालाही नको झाला. त्यांना मित्र कमी होते. दिवाळीत ट्रस्टींच्या घरी फराळाला जाणाऱ्यांच्या यादीत त्या कधी नव्हत्या. त्याची त्यांना खंत होती का, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही…

शेवटची भेट त्यांच्या जुईनगरच्या घरी झाली. आजाराने चेहरा लहान झाला होता, आवाज तेवढा तसाच. मी तब्येतीचं विचारलं, त्यांनी ऑफिसचं विचारलं. मग म्हणाल्या, "मी नसले की हे लोक भांडणार नाहीत, बघ. सॉफ्टवेअर सोपं करतोय म्हणतील. सक्तीच्या रकान्यावरची एक खूण काढतील, बस. आवाजसुद्धा होणार नाही." मी म्हणाले, "ताई, असं बोलू नका." त्यांनी माझ्याकडे जरा रागाने पाहिलं. "मी मरणाचं नाही बोलत. मी कामाचं बोलतेय. नीट ऐक."

मी नीट ऐकलं होतं. शोकसभेनंतर महिनाही झाला नाही, तोच सचिवसाहेबांकडून प्रस्ताव आला. प्रणाली सुटसुटीत करण्यासाठी लहान विभाग एकत्र करावेत आणि कापणाऱ्याच्या कारणाचा रकाना ऐच्छिक करावा. वित्त विभागाची संमती हवी होती. प्रमुखाची जागा भरेपर्यंत तो विभाग म्हणजे मी. साहेबांनी मला बोलावून प्रेमाने सांगितलं, "मॅडमच्या जागेसाठी तुझं नाव माझ्या मनात आहे, वर्षा. तू समजूतदार आहेस." मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. कामोठ्याच्या फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो, वडिलांचं औषधही. पण समजूतदार म्हणजे काय, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी जागेवर आले आणि प्रस्ताव नाकारला. माझ्या नावाने. कारण लिहिलं: या बदलानंतर हाताचा विभाग कुणी बंद केला हे कुणालाही सांगता येणार नाही, म्हणून.

आता तो प्रस्ताव ट्रस्टच्या बैठकीत जाईल. तिथे काय होईल, मला माहीत नाही. कुंदाताईंची केबिन बहुतेक दुसऱ्या कुणाला मिळेल. मिळू दे. माझा नकार ओलांडून जायचं असेल तर त्यांना अजून तरी कारण लिहावं लागतं, आणि ते लिहितील तेव्हा तळमजल्यापासून सगळे वाचतील.

काल मी हाताच्या विभागात गेले. तिथे जाऊन बसायचं, ही सवय मला कुंदाताईंनी लावली. एक तरुण कामगार खालमानेने बोल्टवर नट फिरवत होता, नट सारखा निसटत होता आणि तो पुन्हा उचलत होता. लता कॉम्प्युटरवर पुढच्या वर्षाची मागणी भरत होती. साहेबांचा प्रस्ताव, माझा नकार, सगळं तिला कळलेलं होतं. तिने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "थेरपिस्ट किती लिहू? आहे ती एक राहिली तरी खूप, असं वर म्हणतायत."

"तुला किती लागतात?"

"दोन."

"मग दोन लिही."

तिने दोन लिहिलं, आणि खालच्या रकान्यात कारण टाइप करायला घेतलं.