सुनंदाला आणायला सिंगापूरला

लोक सिंगापूरला बागा बघायला जातात, पाणी ओकणारा सिंह बघायला जातात, आणि परत आले की तिथल्या स्वच्छ रस्त्यांवर आपल्याला आठवडाभर व्याख्यान देतात. मी यातल्या कशासाठीच गेलो नव्हतो. माझा धाकटा भाऊ सुधीर गेल्यावर त्याची बायको सुनंदा मुलाकडे सिंगापूरला राहायला गेली होती. तिला मिरजेला परत आणायचं होतं. कायमचं नाही, निदान एका सभेपुरतं.

त्यामागचं कारण आधी सांगितलं पाहिजे. सुधीरचा मिरजेबाहेर हमरस्त्याला पेट्रोल पंप होता आणि त्याच्या नावावर परवान्याची बाराबोअर बंदूक होती. त्या उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक लागली आणि दर निवडणुकीला होतं तसं परवानाधारकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. सुधीरचीही झाली. चोरांना कुणी आपले कट्टे जमा करायला सांगितलं नव्हतं. पंप बंद करायच्या वेळेला मोटरसायकलवरून दोघे आले, सुधीर आडवा गेला आणि त्यांनी त्याच्या छातीत गोळी घातली. बंदूक ठाण्यात आणि भाऊ स्मशानात, हे वाक्य मी पुढे कित्येक महिने भेटेल त्याला ऐकवत होतो.

ते निवृत्त जाधव फौजदारांच्या कानावर गेलं. पोलिसांच्या बाजूने कुणी बोलत नाही, मेलेल्याच्या घरच्यांना कुणी विचारत नाही, आणि रीतसर परवाना काढून बंदूक बाळगणाऱ्याकडे मात्र चोर असल्यासारखं बघतात, अशी त्यांची तिहेरी तक्रार होती. तिन्हींसाठी मिळून ते एक संघटना काढत होते. मी एका पायावर तयार झालो. पण जाधव म्हणाले, भाऊ बोलला तर लोक ऐकतात, बायको बोलली तर लोक हलतात. दिवाळीनंतरच्या पहिल्या सभेत मी आणि सुनंदा, दोघांनी व्यासपीठावरच सभासद व्हायचं असं ठरलं. फोनवर सुनंदा नुसतं ‘बघू’ म्हणत होती. म्हणून मी स्वतःच निघालो.

निघालो ते नवरात्रात. खंडेनवमीला आमच्या घरात शस्त्रांची पूजा होते, ती पुतण्याच्या घरी करावी म्हणून मी पितळी डब्यात देव, घंटा, निरांजन असं सगळं भरून घेतलं. त्यातच सुधीरच्या काडतुसाची रिकामी पुंगळी होती. पूजा झाली की तो दरवर्षी विहिरीवर जाऊन हवेत एक बार काढायचा. आदल्या वर्षीच्या बाराची ती पुंगळी मी त्याच्यामागे देवात ठेवली होती आणि रोज तिला कुंकू लावत होतो. मालक गेल्यामुळे बंदूक ठाण्यातच राहिली होती, तेव्हा पूजा हिचीच करायची, असा माझा साधा हिशेब होता.

मुंबईला एवढ्या पितळेत ती कुणाला दिसली नसावी. सिंगापूरला दिसली. सामान तपासणाऱ्या यंत्रापाशी मला बाजूला घेतलं, आणि थोड्या वेळाने मी एका बिनखिडकीच्या खोलीत बसलो होतो. समोर एक तमिळ वळणाची अधिकारी बाई होती. तिने हातमोजे घालून पुंगळी उचलली. बोटाला कुंकू लागलं तेव्हा ते काय आहे हे तिला बरोबर कळलं, पण त्याने काही फरक पडला नाही.

‘‘अंकल, धिस वन कॅनॉट,’’ ती म्हणाली. ‘‘प्रेयर ऑर नो प्रेयर, कॅनॉट.’’

माझ्या इंग्रजीने तिथे मान टाकली. त्यांनी माझ्या पुतण्याला, निखिलला, बोलावून घेतलं. तो तिथल्या वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफिसचा बिल्ला गळ्यात तसाच लटकवून धावत आला. टेबलावरची पुंगळी बघितली आणि पोरगा पांढराफटक पडला. इथे कायम राहायचा परवाना मिळावा म्हणून त्याने अर्ज केलेला होता, त्याची भीती त्याला वाटली असणार असं मी धरून चाललो. तो अधिकाऱ्यांशी फार अदबीने बोलत राहिला, माझ्याकडे मात्र बघेना. शेवटी पुंगळी जप्त झाली, मला कडक समज मिळाली आणि आम्ही सुटलो. टॅक्सीत मी म्हटलं, एवढ्याशा रिकाम्या नळीचा यांना काय धाक! निखिल बाहेर बघत म्हणाला, ‘‘काका, हा विषय आईसमोर नको.’’

बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. शहरावर हेझ (शेजारच्या देशात रानं जळतात त्याचा धूर) पसरला होता. उंच इमारती अर्ध्यातूनच पुसून गेलेल्या होत्या आणि बंद काचेतूनही जळका वास येत होता. निखिल बुकित पंजांगला राहतो. तिथे सरकारने बांधलेल्या इमारतींच्या रांगा आहेत आणि त्यांच्यामधून खेळण्यातल्यासारखी दोन डब्यांची गाडी पुलावरून फिरते. ती घरांच्या इतकी जवळून जाते की लोकांचे वाळत घातलेले कपडे मोजता यावेत.

सुनंदा दारातच उभी होती. वाकून नमस्कार केला, पाणी दिलं. मला वाटलं होतं, वाळून काडी झालेली असेल. उलट ती भरली होती, रंग उजळला होता. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला ते खटकलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. देवांपुढे निखिलचा लॅपटॉप आणि सुनंदाची विळी मांडून आम्ही पूजा उरकली. दुपारी निखिलने आम्हाला हॉकर सेंटरला (एका छपराखाली मांडलेली खाण्याची दुकानं) नेलं. तिथे माणसं टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवून जागा धरतात आणि खुशाल खायला आणायला जातात. एकाने तर टेबलावर फोन ठेवला होता. मी तो फोन कधी जातो याची वाट बघत थोसाई (आपला डोसाच, जरा आंबट) खाल्ली. फोन जागचा हलला नाही. इथे चोर काय करत असतील, मी विचारलं. निखिल म्हणाला, इथे चोरी करताना कट्टा चालवणाऱ्याला फाशी होते. मग मी म्हटलं, आपल्याकडे तर चोराला जामीन होतो आणि मालकाची बंदूक जमा. सभेबद्दल बोलायला ही वेळ बरी, म्हणून सगळं सांगून टाकलं. सुनंदा कोपी (गोड घट्ट दुधाची कॉफी) ढवळत राहिली. निखिल उठून ताटं ठेवायला गेला तो बराच वेळ आला नाही.

परत आलो तर इमारतीखालच्या व्हॉइड डेकवर (खांबांवरचा मोकळा तळमजला) पांढऱ्या कनाती लावलेल्या दिसल्या. सुनंदाच्या समोरच्या घरातले चिनी म्हातारे वारले होते. या लोकांत मयत काही दिवस खालीच ठेवतात आणि नातेवाईक आळीपाळीने सोबत बसतात. शवपेटीपासून हाताच्या अंतरावर माणसं शेंगदाणे सोलत होती, पत्ते खेळत होती. सुनंदा सरळ आत गेली, म्हातारीच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि तिचा हात हातात घेतला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी एका बाजूला बसलो. पुढ्यात कुणीतरी शेंगदाणे आणून ठेवले.

थोड्या वेळाने म्हातारीला तिच्या मुलीने उठवून नेलं आणि सुनंदा माझ्याजवळ येऊन बसली.

‘‘दादा, सभेत मी काय बोलावं असं तुम्हाला वाटतं?’’ तिने विचारलं.

मी म्हटलं, खरं तेच बोलायचं. निवडणूक नसती तर बंदूक घरात असती, आणि बंदूक असती तर सुधीर असता.

ती खाली बघून बोलायला लागली. आवाज अगदी नेहमीचा होता. ‘‘आमच्या घरी वाद झाला की हे कपाट उघडायचे. मारलं कधी नाही, हं. नुसती बंदूक काढून कॉटवर ठेवायचे आणि म्हणायचे, वाढ. मग मी वाढायचे. निखिल नववीत होता तेव्हा एकदा त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवली होती, गुण कमी पडले म्हणून. तशातच त्याने रात्रीपर्यंत गणितं सोडवली.’’

पत्ते खेळणाऱ्यांत कुणीतरी हसलं.

‘‘निवडणूक लागली की ती ठाण्यात जायची,’’ ती म्हणाली. ‘‘लोकसभा असू दे, नाहीतर जिल्हा परिषद. मी देवापुढे साखर ठेवायचे. तेवढे दिवस मला झोप लागायची. हे गेले ते अशाच दिवसांत गेले. त्या मेल्यांना फाशी झाली तरी मी रडणार नाही, पण यांच्यासाठी रडले ती खरी रडले. तुम्ही म्हणता, बंदूक असती तर हे वाचले असते. वाचलेही असते. मग आज ना उद्या आमच्यातलं कुणीतरी गेलं असतं.’’

राग आला मला. मेलेल्या माणसाबद्दल बोलतेस, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण विमानतळावरचा निखिलचा चेहरा समोर आला. त्याची भीती नोकरीची नव्हती, तिथे राहायच्या परवान्याची नव्हती. मी त्याच्या बापाची बंदूक पूजेच्या डब्यात घालून त्याच्या घरापर्यंत आणली होती.

‘‘मी सभेला येते,’’ सुनंदा म्हणाली. ‘‘पोलिसांबद्दल चांगलं बोलेन, त्यांनीच ती ठेवून घेतली. पंपावरच्या पोरांना साक्ष द्यायला बोलावतात आणि दिवसभर उन्हात उभं करतात, तेही बोलेन. पण हेसुद्धा बोलेन. चालणार असेल तर तिकीट काढायला सांगा निखिलला.’’

उरलेले दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. निखिलने मला बागा दाखवल्या, तांजोंग पगारच्या काचेच्या इमारती आणि त्यांच्या पायाशी उरलेली जुनी रंगीत दुकानं दाखवली. धूर काही हटला नाही. एकदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो दचकला आणि मग सॉरी म्हणाला. सुधीर माझा लाडका भाऊ होता, अजूनही आहे, आणि त्याच्या पोराला मी हात लावला तर पोर दचकतं. ठरलेल्या दिवशी मी एकटाच परतलो.

मिरजेत तेव्हा विधानसभेची धामधूम चालू होती, बंदुका पुन्हा जमा झाल्या होत्या. जाधव फौजदारांनी चहा मागवला आणि वहिनी कधी येणार म्हणून विचारलं. माणूस वाईट नाही; सुधीरच्या मयताला तोच पहाटेपासून उभा होता. मी त्यांना सगळं सांगितलं, कॉटवरच्या बंदुकीपासून देवापुढच्या साखरेपर्यंत. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. म्हणाले, फार सोसलं हो त्यांनी. मग चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हणाले, ‘‘पण मग त्यांना नको. कोल्हापूरला एक बाई आहेत, त्यांचेही मालक असेच गेले. त्यांना विचारतो. तुमचं नाव तर आहेच.’’

मी म्हटलं, माझंही काढा.

दोघांनी माझ्या भावाला मारलं हे खरं आहे, आणि ते सुटले तर मी कोर्टाच्या पायरीवर बसेन. त्याच्या घरात एक बाई निवडणुकीची वाट बघत जगली, हेही तितकंच खरं. मरणाराही आपला आणि भ्यायलेलीही आपलीच, मग बाजू कुणाची घ्यायची हे मला अजून कळलेलं नाही. ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांच्यासाठी निघालेल्या संघटनेत सुनंदाचं ऐकायला मात्र जागा नव्हती.

घरी येऊन तिला फोन केला. तिकीट काढू नकोस, म्हटलं.

‘‘मला वाटलंच होतं, दादा,’’ ती म्हणाली, आणि माझी तब्येत विचारायला लागली.