माईंच्या बंगल्याचं रक्षाविसर्जन

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर तोंडी लावायला वाचतो, हे आधीच कबूल करतो. पांढरी साडी, उलटी पावलं, वळणावर लिफ्ट मागणारी बाई... बायको म्हणते, तुम्हाला कुणाचंच काही खरं वाटत नाही. नाहीच वाटत! उमेदीची सगळी वर्षं मी शूटिंगच्या धंद्यात काढली. तिथे पाऊस पाइपातून पडतो आणि धुकं मशीनमधून निघतं. पण आता साठी उलटली आहे आणि ही एक गोष्ट पोटात ठेवून ठेवून त्रास व्हायला लागलाय, म्हणून लिहितो.

कोल्हापुरातून राधानगरीकडे निघालं की शहर संपता संपता डाव्या हाताला एक दगडी बंगला होता. निळ्या खिडक्या, पुढे पोर्च, अंगणात तुळस. नव्वदच्या दशकात तिथे एका मराठी मालिकेचं शूटिंग चालायचं. नाव सांगत नाही, पाहिली असेल त्यांना कळेलच. मालिकेतल्या आईला सगळे माई म्हणायचे, म्हणून तो 'माईंचा बंगला'. लोक एसटीतून मुद्दाम उतरून गेटला हात लावून जायचे. एक बाई तर माईंच्या नातवासाठी झबलं-टोपडं घेऊन आली होती, आणि नातू म्हणजे दुपट्यात गुंडाळलेली उशी! मी युनिटचा लोकल मॅनेजर. जेवण, गाड्या, आणि टेक चालू असताना आसपास कोणी शिंकणारसुद्धा नाही हे बघणं, ही माझी कामं.

मालक पुण्यात असायचे. बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राखणीला गंगाक्का राहायची. पन्नाशीची, विधवा. नवरा तिथेच माळी होता, आम्ही येण्याआधी दोन वर्षं वारला. एकच मुलगी, सुमन. तिने दत्ता नावाच्या यंत्रमागावरच्या कामगाराशी पळून जाऊन लग्न केलं, तेव्हा बापाने शपथ घातली — मी जिवंत असेपर्यंत या पायरीवर पाऊल ठेवायचं नाही. पोरीने ती पाळली. आता बाप गेला होता, पण हे तिला कळवायचं कुठे? इचलकरंजीकडे कुठेतरी आहे, यापलीकडे आक्काला काही माहीत नव्हतं.

एके दिवशी तिने मला गाठलं. "सायेब, एक मागू काय?"

"बोला की आक्का."

"मला एकदा टीव्हीत दावा. मागं कुटंतरी हुबी करा. सुमी बघंलच. आई अजून हाय, वाट बघतीया, एवढं कळलं तरी पळत यील की ती."

पुढच्या आठवड्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा सीन होता. बायकांची गर्दी लागणारच होती. मी म्हटलं, "आक्का, हळदीकुंकू आहे. तुम्हाला कसं उभं करायचं?"

"नाटकच न्हवं ते? घटकाभर लावा की कुंकू. माझं मी पुसून टाकीन."

डायरेक्टरना विचारतो म्हणालो. विचारलं नाही. विसरलो वगैरे काही नाही — कटकट नको म्हणून विचारलं नाही. हे आज सरळ लिहून टाकतो.

शूटिंगच्या दिवशी टेकच्या आधी मी मागच्या बाजूला गेलो. आक्का तयार होऊन बसलेली. ठेवणीतलं लुगडं, रुईफुली काठाचं. आणि कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू... स्वतःच लावलेलं. मला धसकाच बसला. पुढे शिवाजी पेठेतल्या पन्नासेक बायका उभ्या. कोणी ओळखलं तर तमाशा होईल, शूटिंग बंद पडेल. मी म्हटलं, "थांबा, बोलावतो." बाहेर आलो आणि दाराला कडी घातली. त्या खोल्यांना ते एकच दार होतं.

पॅक-अप झाल्यावर संध्याकाळी कडी मीच काढली. कपाळ धुतलेलं होतं.

"झालं व्हय?" तिने विचारलं.

"पुढच्या वेळी नक्की," मी म्हणालो. पुढची वेळ आलीच नाही, मालिका वर्षभरात संपली. काही वर्षांनी आक्का गेल्याचं कानावर आलं. मालकांच्या माणसांनी अग्नी दिला म्हणे. पुढचं कोणी केलं की नाही, मी चौकशी केली नाही.

मालिका संपून दहाएक वर्षं झाली असतील, बंगला पाडायला काढला. जागेवर अपार्टमेंट होणार होतं. पेपरात दोन ओळी आल्या आणि लोकांची रीघ लागली. जेसीबीने पोर्च ओढला तेव्हा बायका पदर डोळ्याला लावून रडत होत्या. कोणी कौलाचा तुकडा पिशवीत घातला, कोणी तुळशीवृंदावनाची वीट. मीही गेलो होतो.

आता आमच्या कोल्हापूरकरांना कुठलीच गोष्ट अर्ध्यावर सोडवत नाही. त्या गर्दीत शिवाजी पेठेतल्या पोवारकाकू होत्या, हळदीकुंकवाच्या सीनमध्ये पुढच्याच रांगेत उभ्या राहिलेल्या. त्यांनी जाहीर केलं, "तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन करायचं. माईंचं घर गेलंय, गंमत न्हाय!" आणि खरंच, तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला ढिगाऱ्यासमोर पत्रावळीवर नैवेद्य मांडला — शिरा, भजी आणि माईंचा तो सुप्रसिद्ध आलं घातलेला चहा. अर्धी थट्टा, अर्धं खरं.

समोरच्या निलगिरीवर सात-आठ कावळे होते. एकही खाली येईना.

नैवेद्याला कावळा शिवेना की मागे राहिलेल्यांनी वचनं द्यायची असतात. काकू हात जोडून ओरडल्या, "माई, मालिका परत लावाय सांगू की वो!" कावळे ढिम्म. तालमीतला एकजण म्हणाला, "बिल्डरचा एकबी फ्लॅट खपू देत न्हाय, या खाली!" हशा पिकला. अर्धा तास गेला. पाऊण तास झाला. मग हसायचं कोणाला सुचेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

काकू माझ्याकडे वळल्या. "पावणं, तुमी शूटिंगला हुतासा न्हवं? कुणाचं काय ऱ्हायलंय का, आटवा की जरा."

माझे कान तापले. हात न जोडता, ओठ न हलवता, मनातल्या मनात म्हणालो — आक्का, सुमनला शोधून सांगतो.

कावळा उतरला. सरळ शिऱ्यावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

थांबा, हा माझा अनुभव नव्हे. कावळ्याला भूक लागते, तासाभराने भीड चेपते. त्याला माझ्याकडे उत्तर आहे.

पण शब्द गेला होता. इचलकरंजीशेजारच्या कबनूरपासून सुरुवात केली. मागाच्या शेडबाहेरच्या चहाच्या गाड्यांवर दत्ताचं नाव घेऊन विचारत फिरलो. दुसऱ्या रविवारी घर सापडलं. दोन रविवार... आक्का असतानाही दोनच लागले असते.

शेजारी माग चालू होते, त्यांच्या खडखडाटात सुमन दारात उभी. मी म्हटलं, "माईंच्या बंगल्यातल्या शूटिंगला मी होतो..."

तिचा चेहरा उजळला. "मग आईला टीव्हीत तुमी घेतलासा व्हय?"

माझ्या उत्तरासाठी ती थांबलीच नाही.

"शेजारणीकडं बघितलं वो! हळदीकुंकवाचा भाग. आई तुळशीपाशी हुबी. ते रुईफुली लुगडं — माझ्या लग्नाला म्हणून घेतलेलं. कपाळाला ह्ये एवढं कुंकू. सरळ माझ्याकडं बघून हासली." सांगता सांगता तिचा आवाज खाली आला. "उठून निघालेच हुते. पण कुंकू बघितलं... म्हटलं, अण्णा हायती अजून. शपथ हाय. कशी येऊ?" मग तिने विचारलं, "आता कसं हायती वो दोघं?"

मी सांगितलं. दोघंही गेल्याचं सांगितलं. ती उंबऱ्यावर बसून खूप रडली. अण्णा कधी गेले, तिने विचारलं. "आक्कांच्या आधी," एवढंच बोललो. किती आधी, ते जिभेवर आलं आणि गिळलं. त्या भागाच्या वेळी माहेरचं दार तुला उघडं होतं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

परत येऊन जुन्या कॅसेटमधून तो भाग काढला. थांबवून थांबवून पाहिला. तुळस आहे, माई आहेत, पोवारकाकू आहेत. आक्का कुठेही नाही. असणार कशी? कडी मी घातली होती. कपाळावर कुंकू, अंगावर ते लुगडं, अशी तिला त्या दिवशी माझ्याशिवाय कोणीच पाहिलं नव्हतं, आणि मी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. दुसरी कोणी दिसली असेल म्हणावं, तर गर्दीत रुईफुली काठाचं एकही लुगडं नाही. कॅमेरामनला फोन केला, तो हसला.

आता सगळं ऐकल्यावर बायको म्हणते, तुम्ही तिला खरंच उभं केलं असतं तरी लेकीने कुंकू बघून हेच धरलं असतं. असेल. पण मग टीव्हीत आल्याचं आक्का चारचौघांत बोलली असती, कुठून तरी दुसरा निरोप गेला असता... बायकोच्या म्हणण्याचा मला काही आधार वाटत नाही.

सुमनकडे आईचा एकही फोटो नाही. निघताना तिने माझा नंबर घेतला आणि तेवढी कॅसेट मागितली. मी देतो म्हणालो. कॅसेट माझ्या कपाटात आहे. ती दिली, की सुमनला दिसलेली आईही नाहीशी होणार. तिला काय दिसलं आणि ते कुठून आलं, याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

परवा पुन्हा कॅसेटसाठी तिचा फोन आला. म्हटलं, अजून शोधतोय.