४,९९,९६० वर सही नाही

"काका, सही करा. गाडी भरून उभी आहे," मॅनेजर साहेब म्हणाले.

मी पेनाला टोपण लावलं. "नाय करत."

तळोज्यात आमची कंपनी औषधाच्या बाटल्यांची बुचं बनवते. मी पॅकिंगला. रिटायर झालो, तरी कॉन्ट्रॅक्टवर परत बोलावलं. माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही. मागच्या खेपेला एका बॉक्सात माल कमी निघाला आणि मला मेमो मिळाला. दुसरा मेमो म्हणजे घरी, हे साहेबांनीच सांगितलेलं.

एका बॉक्सात बुचांचे आठ थर, थरात एकशे चव्वेचाळीस. झाली ११५२. अर्धवट बॉक्स पाठवायचा नाही, हा नियम. कॉम्प्युटरच्या स्लिपवर एकूण बुचं होती ४,९९,९६०.

"हा आकडा खोटा, नायतर एखादा बॉक्स खोटा," मी म्हणालो.

"कशावरून?"

"११५२ चे अंक मिळवा. एक, एक, पाच, दोन. नऊ. म्हणजे हा नवाच्या पाढ्यातला. असे कितीही बॉक्स रचा, आकडा लाखात जाऊ दे, अंक मिळवत गेलं की शेवटी नऊच उरतो. तुमच्या स्लिपवरच्या आकड्याची बेरीज सदतीस. तीन नि सात दहा. उरला एक."

"चौथी नापास माणसाच्या गणितावर गाडी थांबवू?"

"भूगोलात नापास झालो, साहेब. गणितात नाय."

साहेबांनी मोबाईलवर ११५२ ने भाग दिला. पॉइंटच्या पुढे आकडे संपेनात. तरी म्हणाले, "जाऊ दे हो, किरकोळ असेल. दुसऱ्या कोणाची सही घेतो."

"घ्या. फक्त खाली लिवा, हिराजीने नाय म्हटलं."

सही करायला कोणी पुढे आलं नाही. गाडी रिकामी करावी लागली. चारशे चौतीस बॉक्स, एकेक काट्यावर. हमालांनी मला तोंडावर शिव्या घातल्या. मी उभा राहून ऐकल्या.

शेवटच्या रांगेत एक बॉक्स हलका लागला. फोडला, तर आठ बुचं कमी.

क्वालिटीच्या मॅडम धावत आल्या. "ती मी टेस्टला नेली होती. एन्ट्री केली आहे ना!"

एन्ट्री केली होती, खरं. टेप मारण्याआधी बॉक्सात परत आठ टाकायची, ते राहिलं. कॉम्प्युटर खरं बोलत होता, बॉक्स खोटा होता.

बुचं भरली. नवी स्लिप आली, ४,९९,९६८. बेरीज पंचेचाळीस, चार नि पाच नऊ. सही केली.

साहेब जाता जाता म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी टेस्टला नऊ न्या. म्हणजे काकांची बेरीज जुळेल."

सगळे हसले. मी चरकलो. खरंच जुळली असती. नऊ कमी असती, तर मी तिथल्या तिथे सही ठोकली असती.

आता प्रत्येक बॉक्स काट्यावर चढल्याशिवाय मी पेन उघडत नाही. साहेब म्हणतात, वेळ जातो. जाऊ दे. नऊ आला नाही, तर कुठेतरी चूक आहे हे नक्की. नऊ आला म्हणून माल पुरा आहे, असं मात्र नाही.