राघोचा पुरा दिवस

कोंडवाड्यात नवं जनावर आलं की राघो आधी त्याला पाणी पाजायचा आणि मगच ते हाकत आणणाऱ्या माणसाकडे वळायचा. "पावन्याला आधी पानी, मंग तुजी गाऱ्हानी!" जनावराने कुणाचं शेत तुडवलेलं असो, त्याच्या अंगाला काठी लागलेली राघोला खपत नसे. "ढोर चोर नय. चोर तो, ज्यानं मोकाट सोरलं!"

माझं किराणा दुकान कल्याणात कोंडवाड्याच्या अगदी समोर, त्यामुळे राघोची बडबड दिवसभर कानावर पडे. माणूस महा तिरसट. बायकोशी भांडला की गाऱ्हाणं म्हशीला सांगायचा. होता म्युनिसिपालिटीचा नोकर, पण ऐट अशी की जणू कोंडवाडा याला सासऱ्याने आंदण दिलाय.

मग कमिटीला काटकसरीचं वेड लागलं. मोठ्यांना हात लावायची छाती नव्हती, म्हणून कुऱ्हाड राघोवर. अर्धा दिवस काम, अर्धा पगार. कचेरीवर बाराचे टोले पडले की कोंडवाड्याला कुलूप घालायचं, किल्ली कचेरीत टांगायची आणि सकाळी पुन्हा उघडायचं. तोवर आतल्या जनावरांनी काय करावं, हे काही कुणाला सुचलं नाही.

राघो हेडकारकुनापुढे हात जोडून उभा राहिला. "रावसाहेब, ढोराला बाराचे टोले कलतान कं?"

"तुला कळतात ना? मग झालं," हेडकारकून म्हणाला.

पोटासाठी राघो दुपारी बंदरावर मिठाच्या गोणी वाहू लागला. पण जाण्याआधी तळ्याचं पाणी आणायचा आणि भिंतीवरून पोफळीची पन्हळ लावून आत सोडायचा. रोज उशीर होई. शेवटी मुकादमाने त्याला हाकलून दिलं. त्याची बायको दुकानात येऊन रडली, "अण्णा, त्याला समजवा. ढोरांपायी आमी मरताव." मी समजावलं. तो उलट माझ्यावरच डाफरला, "मना माजा पुरा दिस परत द्या! दुसरा कायव नको!"

एकदा चालत ठाण्यालाही जाऊन आला, मोठ्या साहेबाच्या पाया पडायला. परतला तो तोंड एवढंसं करून. "फाटकान पन घेतला नय, अण्णा," एवढंच बोलला.

अक्षय तृतीयेचा दिवस होता. सकाळी कोंडवाड्यात एक गाभण गाय आली होती आणि कुलूप लागल्यावर तिला कळा सुरू झाल्या. वासरू अडलं असावं. तिचा हंबरडा ऐकवत नव्हता. राघो कचेरीकडे धावला, तर कचेरी सणामुळे लवकर बंद झालेली. तसाच हेडकारकुनाच्या घरी गेला. तो पुरणपोळी जेवून आडवा झाला होता, आतूनच म्हणाला, "उद्या ये."

राघो धापा टाकत माझ्याकडे आला. "अण्णा, वजन द्या. लोखंडाचं, मोठं."

काय करणार ते मला कळलं. मी दिलं. का देऊ नये? त्याने वेड लागल्यासारखे घाव घालून कुलूप फोडलं, आत शिरला आणि वासरू ओढून काढलं. वासरू मेलेलं होतं. गाय तेवढी वाचली.

गाय निघाली कमिटीतल्याच एका सभासदाची. त्याबरोबर सगळ्यांना भूतदयेचा पान्हा फुटला! एकाच बैठकीत दोन ठराव झाले. कोंडवाड्यावर पुन्हा पुऱ्या दिवसाचा माणूस नेमावा. आणि सरकारी कुलूप फोडल्याबद्दल राघोला काढून टाकावं.

नवा माणूस कामावर आला त्या दिवशी राघो माझ्या ओट्यावर बसून होता. बाराचे टोले पडले. फाटक उघडंच राहिलं. मी आपला मूर्खासारखा म्हणालो, "राघो, जिंकलास रे!"

तेवढ्यात आत नव्या माणसाने एका बैलाला काठी हाणली. राघो ताडकन उठला, रस्ता ओलांडून फाटकापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आत जायचा हक्क आपल्याला उरला नाही, हे त्याला आठवलं असावं. परत येऊन ओट्यावर बसला आणि ढसाढसा रडला.

"ढोरांना पुरा दिस मिलाला, अण्णा," तो म्हणाला. "मना कोन देल?"