पानं काटणारा हात

तार किनवटला तिसऱ्या दिवशी पोचली. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात मी मुलांच्या वह्या तपासत होतो. ‘सटवाजी वारले’ एवढंच तीत होतं. लातूर गाठेपर्यंत सगळं उरकलेलं. मामी भिंतीला टेकून बसली होती. जमलेल्यांतला एक जण माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, “माणूस सोन्यासारखा, पण पत्त्याचा नाद वाईट.” त्याचं उत्तर आता, दीड महिन्यानं देतोय.

सटवामामा माझ्या आईचे थोरले भाऊ. धर्माबादला एका सरकारी कचेरीत दफ्तरी होते. फाइली शिवायच्या, फाटके नकाशे कापडावर चिकटवायचे. नवा जिल्हा झाला, कचेऱ्या वाढल्या, मामांची लातूरला बदली झाली. तो दुष्काळाचा पहिला उन्हाळा. कचेरी सुटल्यावर ते गंजगोलाईजवळच्या एका माडीवर रमी खेळायला जाऊ लागले. चार टेबलं, एक पंखा, आणि दिवसभर हरलं तरी चहापुरते पैसे जातील इतका बारका खेळ.

मी पत्रकांवर वाढलेला. वडील सायक्लोस्टाइलवर दलित चळवळीची पत्रकं काढायचे, शाई वाळली की मी घड्या घालायचो. मामांच्या नादाची खबर लागल्यावर मी स्वतःच पत्रक लिहिलं, ‘पत्ते फेका, पुस्तक उचला’, आणि सुट्टीत लातूरला जाऊन त्या माडीच्या जिन्याखाली वाटत उभा राहिलो. मामा आले. एक घेतलं, उभ्याउभ्या पुरतं वाचलं.

“छपाई झ्याक हाय. वर चल.”

“मी जुगाराच्या अड्ड्यात येणार नाही, मामा.”

“मग न बघताच लिवलास व्हय?”

वर गेलो. सहा जण बसले होते. डाळमिलवाले शेठ, एक वकील, बाकीचे दुकानदार. मामांशी सगळे नीट बोलत. चहाही एकाच किटलीतून. रमीत वाटणारा पानं पिसतो आणि गठ्ठा उजवीकडच्यापुढं ठेवतो. त्यानं वरची थप्पी उचलून बाजूला ठेवायची, म्हणजे पानं काटायची, मग वाटप. मामा शेठच्या उजवीकडं होते. शेठनी पानं पिसली, हात मामांच्या पुढून नेला आणि गठ्ठा पलीकडच्या वकिलापुढं ठेवला. वकिलानं काटला. मामांकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही.

“सटवाजींचा हात जड आहे,” शेठ माझ्याकडं बघून हसले. “त्यांनी काटलं की टेबलाला पानंच येत नाहीत.”

पत्तेवाले असले शकुन मानतातच, त्यामुळं यात बोट ठेवायला जागा नव्हती. उतरताना मामा म्हणाले, “च्या देतेत, जवळ बसतेत, समदं खरं. पन पानं काटायला देनं म्हंजे, हा मानूस लबाडी करनार न्हाई, असं मानायचं. तेवढं त्यांच्यानं होईना.”

“मग जाता कशाला?”

“तेवढ्यासाठीच.”

त्या दिवसापासून मामांनी एक केलं. ज्या डावात त्यांची पाळी डावलली जाई, त्या डावाची पानं ते उचलतच नसत. तेरा पानं टेबलावर उलटी पडून. रमीत न खेळता डाव सोडला तरी दंड बसतो. तो ते मुकाट्यानं भरत आणि पुढच्या डावाला तिथंच बसलेले. “सटवाजी, उगं कशाला हरता हो?” वकील विचारत. “तुमी कशाला भेता?” मामा विचारत. मी चिडून म्हणालो, एक पत्रक काढू, नावानिशी. मामांनी ऐकलं नाही. “कागद वाचून कुनी हात पुढं करंल व्हय? हात हातानंच हलतो.”

दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. डाळगिरण्या बंद पडल्या, दुकानदार गावाकडं गेले. टेबलावर तिघं उरले. शेठ, वकील आणि मामा. मामांनी पानं उचलली नाहीत की दोघांतच खेळ, आणि दोघांत रमीला चव नसते… एका संध्याकाळी शेठनी पानं पिसली, बराच वेळ पिसत राहिले, आणि गठ्ठा मामांपुढं ठेवला. मामांनी धोतराला हात पुसले, काटला. मामी सांगते, त्या दिवशी घरी येऊन त्यांनी दोनदा जेवण मागितलं.

हे मला जिंकल्यासारखं वाटत होतं, परवा माडी चढेपर्यंत. शेठनी उठून माझे हात धरले. डोळे खरंच ओले होते. “फोटो द्या मास्तर, इथं लावू. सटवाजींची गोष्टच निराळी होती. त्यांच्यासारखा माणूस तुमच्यात…” पुढचं त्यांनी गिळलं.

निराळी. म्हणजे वर्षभर दंड भरून मामांनी फक्त स्वतःपुरती सूट मिळवली होती तर. मी म्हणालो, फोटो नको, मला खेळायचंय. आणि शेठच्या उजवीकडं बसलो. मला रमी धड येत नाही.

शेठनी पानं पिसली. हात माझ्यापुढून थोडा पलीकडं गेला आणि अधांतरी थांबला. वकील पंख्याकडं बघू लागले.

“शेठ,” मी म्हणालो, “मी सटवाजी नाही. हात माझाही जडच आहे.”

गठ्ठा माझ्यापुढं आला. मी काटला. तो डाव मी पार हरलो. दंड भरला आणि म्हणालो, वाटा.